नाव एकाचं, निकाल दुसऱ्याचा

आमच्या भाऊंच्या देखत दोन माणसं एकाच वेळी बोलली, असं अहेरी तालुक्यात आजवर घडलेलं नाही. घडलं असेलच, तर त्यातलं एक तरी माणूस बाहेरगावचं असणार. भाऊ म्हणजे माझे नोकरीतले पहिले वरिष्ठ. अहेरीच्या एका लहानशा केंद्रात गावोगावच्या लोकांच्या रक्ताची सिकलसेलसाठी तपासणी व्हायची आणि तिथला संगणक विभाग म्हणजे दोन खुर्च्या, एका खुर्चीत भाऊ, दुसरीत मी. चहाच्या टपरीवर केंद्रातले आम्ही चौघं जमलो की भाऊ बोट दाखवून पाळी देत. "काऊन एकमेकात घुसून राह्यले? याचं होऊ द्या, मंग तू." आठवडी बाजारात दोन भाजीवाल्या बाया एकदम भाव सांगू लागल्या की ते शांतपणे उभे राहत आणि त्या हसत हसत एकमेकींकडे बघून गप्प होत. बायको बोलत असताना मोबाइल वाजला तर ते मोबाइल बंद करत. त्यामुळे जिल्ह्याच्या साहेबांचे फोनसुद्धा वहिनींचं बोलणं संपल्यावरच लागायचे. भर मे महिन्यात ते स्वेटर घालून बसत, कारण केंद्रातला एकमेव कूलर आमच्या खोलीत होता. "थंडी मशीनले पाहिजे, मले नाई," असं म्हणत ते गुंड्या लावायचे. आणि कागद. पडद्यावरच्या अक्षरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. छापलेली प्रत्येक यादी ते मूळ रजिस्टरशेजारी ठेवत, ओळीखाली पट्टी धरत आणि ओठ हलवत ताडून बघत. खाली हिरव्या शाईची टिक झाल्याशिवाय कागद खोलीबाहेर जात नसे.

मी नागपूरहून नवा नवा शिकून आलो होतो. रक्ताच्या नमुन्यांची तपासणीतली चित्रं वाचून निकाल छापणारा भाऊंचा प्रोग्रॅम एका गावाला अर्धा दिवस घ्यायचा. मी म्हणालो, चार गावांचं काम चार प्रोसेसना, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या चार प्रतींना, वाटून देऊ, चौघी एकदम चालतील. भाऊ म्हणाले, "एकीलेच करू दे. उशीर होईल त होईल." पण शिबिरं वाढली होती, याद्या तुंबल्या होत्या. ते पुतण्याच्या लग्नाला चार दिवस आलापल्लीला गेले आणि मी काम उरकून टाकलं. दहा-दहा नावांवर करून पाहिलं, झकास आलं. मग चार गावांची खरी यादी छापली आणि हिरव्या खुणेची वाट न बघता त्या त्या गावच्या आशाताईंकडे पाठवून दिली.

परत आल्यावर भाऊंनी आधी पट्टी काढली. तासाभरानं त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दोन नावांवर बोट ठेवलं. प्रत्येक माणसाच्या दोन ओळी होत्या, वर नाव आणि खाली निकाल. एका प्रोसेसनं नाव लिहून निकाल लिहायच्या आत दुसरीनं मध्येच आपलं नाव घुसवलं होतं आणि पुढं निकालांची अदलाबदल झाली होती. एका गावच्या मुलीच्या नावाखाली दुसऱ्या गावच्या मुलाचा निकाल पडला होता, 'वाहक'. आणि तिचा चांगला निकाल त्याच्या नावाखाली. भाऊंनी स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

मुलीचे वडील तलावावर मासे धरायचे. आम्ही पोचलो तेव्हा ते बांधावर जाळं वाळवत होते. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. नवरामुलगा स्वतः वाहक होता. दोघंही वाहक असले तर लेकरांना आजाराची भीती, म्हणून यादी पाहून मुलाकडच्या लोकांनी बोलणी थांबवली होती. भाऊंनी हात जोडले. "चूक माही होय. पोरीचं रक्त चांगलं आहे. मशीनीतून कागद काढताना मी नीट पाह्यलं नाई." मी तोंड उघडलं, तर त्यांनी न बघताच माझ्या गुडघ्यावर हात दाबला. वडिलांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "मंग तिले तुमीच सांगा," ते म्हणाले. "दोन दिवसापासून जेवून नाई राह्यली."

मुलगी दारात आली. भाऊंनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "मंग तो निकाल कोनाचा होय? त्याले मालूम आहे का?"

"तेथीच चाललो आता," भाऊ म्हणाले.

त्या दुसऱ्या गावी तो मुलगा बांबू सोलत बसला होता. वाहक म्हणजे आजारी नव्हे, फक्त लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्यायची, एवढं समजावायला भाऊंनी पूर्ण दुपार घेतली. मुलीची बोलणी पुढं पुन्हा सुरू झाली आणि लग्नही झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला. एकच लॉक ठेवलं, म्हणजे लिहायची पाळी. ते जिच्याकडे, तिनंच नाव आणि निकाल सलग लिहायचा आणि लिहिलेलं खरोखर फाइलमध्ये उतरेपर्यंत लॉक सोडायचं नाही. शिवाय भाऊंच्या सांगण्यावरून नाव आणि निकाल एकाच ओळीत आणले. मला ते एका शब्दानं रागावले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात चामोर्शीला भाऊंच्या निवृत्तीनंतरच्या घरी गेलो. धान निघालं होतं, अंगणात पोती रचलेली होती. इतक्या वर्षांनी मी धीर करून विचारलं, "भाऊ, त्या दिवशी माझी चूक स्वतःवर काऊन घेतली?"

ते जरा आठवू लागले. मग म्हणाले, "मले नोकरीची दोनच वर्षं राह्यली होती. तुले अजून लय प्रोग्रॅम लिहाचे होते."

एवढं बोलून ते आत गेले आणि माझ्यासाठी नव्या तांदळाची पिशवी भरू लागले. मी अंगणातच बसून राहिलो. त्यानंतर लिहिलेल्या प्रोग्रॅमपैकी एखादा त्यांना सांगण्यासारखा आहे का, ते आठवत होतो.