डिकीचा एकच शॉकर

परवा फोनवर तुम्ही सांगत होतात, तुमच्या गाडीची डिकी बटण दाबलं की आपोआप उघडते. उघडू दे. आमच्या गाडीची डिकी उघडायचं काम माझं होतं, ती डोक्यावर धरून उभं राहायचं कामही माझं होतं, आणि ती का पडते हे सांगायचं काम तुमच्या आजोबांचं होतं. ते काम ते स्टिअरिंगमागे बसून करत.

गाडी जपानी होती. परदेशातून परतलेल्या एका प्राध्यापकांनी वापरून वापरून आमच्या गळ्यात मारलेली. तिचं मागचं अख्खं दार काचेसकट वर उचललं जाई आणि दोन्ही बाजूंच्या, गॅस आणि थोडं तेल भरलेल्या बारीक नळ्या ते तोलून धरत. चंदीगडच्या मेकॅनिक मंडळींत त्यांना शॉकर म्हणत. आजोबा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत, म्हणून ते गॅस स्प्रिंग म्हणत. नाव बरोबर घेतलं की वस्तू बरोबर चालते, असा त्यांचा समज असावा.

ते दिवस पंजाबातल्या अतिरेक्यांचे. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यात वाळूच्या पोत्यांचा एक नाका होता. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायची, तुमची आई चौथीत. रोज सकाळी नाक्यावरचा जवान खिडकीत वाकून म्हणे, "डिग्गी खोलो जी." मी उतरायची, डिकी उघडायची, आणि हात काढला की ती धाडकन खाली यायची. बंदुकीचा बार कसा वाटतो हे त्या काळात कुणाला सांगावं लागत नव्हतं. जवानाचं बोट घोड्याजवळ, आणि त्याच्या समोर मागच्या सीटवर तुमची आई. मला भीती होती ती एवढीच.

मी कपडे वाळत घालायची काठी कापून डिकीला टेकू म्हणून वापरायला लागले. साताऱ्याहून आणलेली चांगली काठी होती. जवान रोज विचारी, "माताजी, आज डंडा लाए हो?"

आजोबांना हे अपमानास्पद वाटलं. त्यांनी एका रविवारी दुपारी दोन वाजता गाडी उन्हात उभी करून डिकी उघडली. ती टिकली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं टिकली.

"बघ," ते म्हणाले, "काही झालेलं नाही."

"सकाळी सातला बघा ना."

"सकाळी थंडीने गॅस आकसतो. नळीचा त्यात दोष नाही."

दोष कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. नाका सकाळीच असतो, हेही त्यांच्या प्रयोगात कुठे बसलं नाही.

शेवटी माझ्या कटकटीने ते शहरालगतच्या मनीमाजऱ्यात एका सरदारजी मेकॅनिककडे गेले. सरदारजींनी दिल्लीहून नळ्यांची जोडी मागवली. बसवायच्या दिवशी आजोबांनी दोन्ही जुन्या नळ्या तपासल्या आणि म्हणाले, तेल फक्त डावीतून गळतंय. डावीच बदला.

"जोड़ी बदलते हैं, प्रोफेसर साहब."

"उजवी चांगली आहे. चांगली वस्तू काढून फेकायची कशाला?"

ही आपल्या लोकांची खास खोड. जुनं चालतंय तोवर त्याला हात लावायचा नाही, आणि चालत नसलं तरी चालतंय असं आधी ठरवायचं. सरदारजींनी मान हलवली. "एक बैल तगड़ा, एक बूढ़ा. जोत लो जी. दूसरी मैंने रख ली है, आप आओगे."

त्या दिवसापासून डिकी एका खांद्याने वर जायची. आजोबा खूश. काठी त्यांनी स्वतः घरात नेऊन ठेवली.

जानेवारीत धुकं उतरलं. त्या सकाळी नाक्यावर नवा जवान होता, विशीतला, मफलर नाकापर्यंत. मी डिकी उघडली. ती वर गेली, थांबली, मी हात काढला. तो दप्तर बघायला आत वाकला, आणि ती वाकडी होऊन त्याच्या हेल्मेटवर आदळली. तो मागे उडी मारून सरळ झाला तेव्हा रायफल काचेतून तुमच्या आईच्या डोक्याकडे होती. तिने दोन्ही कानांत बोटं घातली. मग त्याने हळूच रायफलची नळी खाली केली आणि म्हणाला, "जाओ, माताजी."

गाडी सुरू झाल्यावर आजोबा म्हणाले, "आज चार अंशांखाली असणार."

दुपारी मी त्यांच्या विभागात जाऊन किल्ली मागून घेतली आणि गाडी स्वतः चालवत मनीमाजऱ्याला गेले. सरदारजींनी फडताळातून ती नळी काढली, न विचारता. मी काठी आणली होती, टेकू दिला. त्यांनी पेचकसाने छोटी क्लिप उचकटली, जुनी नळी काढली, नवी दांडीची बाजू खाली ठेवून बसवली. दहा मिनिटं. जुनी माझ्या हातात देत म्हणाले, "आग में मत डालना, फट जाएगी. और साहब को?"

"साहब को कुछ नहीं बताना."

"पक्का जी."

दुसऱ्या सकाळी धुकं तसंच. डिकी वर गेली आणि राहिली. तोच जवान होता. चार पावलं लांब उभा. मी दोन्ही हात वर करून दाखवले, मग तो जवळ आला, पण तपासताना एक हात दाराखाली धरूनच.

आजोबांनी आरशात पाहिलं. "बघ. वापरून वापरून उजवीही सुधारली."

महाराष्ट्र मंडळात त्यांनी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. डॉक्टर मंडळींनी माना डोलावल्या. मागे जाऊन नळीकडे बघावं असं एकालाही वाटलं नाही. जुनी नळी माझ्या ट्रंकेत कागदात गुंडाळून आहे. चांगली वस्तू फेकायची कशाला.

तुमच्या आईने मात्र नाका आला की कानांत बोटं घालायची ती घातलीच. डिकी टिकतेय हे तिला रोज दिसत होतं. मार्चमध्ये शाळा संपेपर्यंत घालत राहिली.