भर चैत्रातला हुरडा

सोलापुरात दुपारी दोन ते चार माणसं जातात कुठं, हा प्रश्न मला लग्न होऊन या गावात आल्यापासून पडलेला आहे. रस्त्यावर नसतात, दुकानात नसतात, आणि घरात असावीत म्हणावं तर घरंही चिडीचूप. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. मी पंख्याखाली शहाबादी फरशीवर उताणी पडलेली असते. मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खटखटाट चालू असतो, त्याची इतकी सवय झालीय की तो थांबला तरच मला जाग येते. नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत, मुलगी पुण्याला. त्या दोन तासांत मी झोपलेली असते की जागी, हे मला स्वतःलाही धड सांगता येत नाही. अशाच एका दुपारी, मोबाईलवर बोटं फिरवता फिरवता, मी ब्लॉग सुरू केला.

पहिल्या वर्षी माझे वाचक अडीच होते. एक मी. दुसरा नवरा, त्याला डबा हवा असायचा म्हणून तो वाचायचा. आणि अर्धी मुलगी, जी लेख न उघडताच "मस्त गं आई" असं लिहून मोकळी व्हायची. मी तरी काय मोठं लिहीत होते? चार दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीतल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, त्याबद्दल. शेजारच्या तेलुगू वहिनी माझ्याशी मराठीत भांडतात आणि भांडण मिटलं की ते आपल्या सासूला तेलुगूत रंगवून सांगतात, त्याबद्दल. असल्या गोष्टी.

आणि एका मंगळवारी त्या पाण्याच्या लेखाखाली एक शब्द उमटला. "हजर." खाली आणखी एक ओळ होती: "आमच्याकडं पाणी आलं की म्हशीसुद्धा हसत्यात."

ते आबा. करमाळ्याकडच्या कुठल्याशा खेड्यातले, सत्तरीच्या पुढचे. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, ब्लॉगवर टोपणनाव होतं आणि आम्ही सगळे आबाच म्हणायचो. दर मंगळवारी सकाळी सातला त्यांचा लेख यायचा. शेळ्या, विहीर, बांधावरची भांडणं, कमळाभवानीच्या देवळाकडून येणारे वाट चुकलेले भाविक. लेख वाचला की खाली हजेरी लावायची, आवडला तर पुढं दोन शब्द लिहायचे, हा नियम त्यांचाच. त्यांच्या हजेरीपटावर मला आणखी दोन ब्लॉगवाली माणसं भेटली. एक अकलूजचे सर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, प्रत्येक वाक्यापुढं तीन उद्गारचिन्हं ठोकणारे. दुसऱ्या अक्कलकोटकडच्या ताई, त्या कविता लिहायच्या, फार हळव्या, दवबिंदू वगैरे.

या माणसांनी माझ्या दुपारी कधी ताब्यात घेतल्या ते कळलंच नाही. डोळा लागता लागता आबांची चितकबरी शेळी माझ्या स्वयंपाकघरात यायची आणि कोथिंबीर खाऊन जायची. सर फळ्यावर काहीतरी लिहायचे. ताई खिडकीत बसून गुणगुणायच्या. कुणालाच चेहरे नव्हते, पण त्यांचं काही अडत नव्हतं. मी जागी झाले की घर जरा जास्तच रिकामं वाटायचं. संध्याकाळी नवरा यायचा आणि बूट काढता काढता विचारायचा, "तुझे ढगातले पाहुणे जेवून गेले का?" मला राग यायचा नाही. कारण मी खरंच मनातल्या मनात चार माणसांचा चहा टाकायला लागले होते.

संक्रांत झाली आणि मी आईवर लेख लिहिला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याआधी मला तिच्याबद्दल एक ओळ लिहिता आली नव्हती. त्या लेखात विनोद नव्हता. तो टाकून मी तीन दिवस दर तासाला मोबाईल उघडत होते. सर आले, "हृदयस्पर्शी!!!" म्हणाले. ताई आल्या, त्यांनी चार कडव्यांची प्रतिक्रिया लिहिली. आबा आले नाहीत.

म्हशीच्या हसण्यावर लिहिणाऱ्या माणसाला माझ्या आईबद्दल एक शब्द लिहावासा वाटू नये? पुढच्या मंगळवारी सात वाजता त्यांचा लेख मात्र आला, नेहमीसारखा, बैलांबद्दल. म्हणजे माणूस ठणठणीत आहे, लिहितोय, फक्त माझ्याकडं फिरकत नाही! मी रुसले. रुसण्यात माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. मी त्यांचा लेख वाचला आणि हजेरी लावली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. असे सात-आठ मंगळवार गेले. दर वेळी वाटायचं, आता आबा विचारतील, "सोलापूरकर कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं नाही आणि माझा रुसवा मुरत गेला.

मग चैत्रातला एक मंगळवार आला. सकाळी सातलाच फरशी गरम लागत होती. आबांचा लेख हुरड्यावर होता. "काल रानात आगटी पेटवली. जोंधळा ऐन दुधात हाय. कोवळा हुरडा, तिळाची चटणी, गूळ." खाली सरांची हजेरी होती: "वा! हुरड्याचा वास अकलूजपर्यंत आला!!!" ताईंनी ज्वारीच्या दाण्यांत मोती पाहिले होते.

मी शेतकऱ्याची लेक. दोनदा वाचलं. हुरडा मार्गशीर्षात, पौषात. चैत्रात कणसं कापून, मळून, जोंधळा पोत्यात गेलेला असतो. शेतात नुसती ढेकळं असतात. काल कुणी कसा हुरडा भाजेल?

मी सरांना फोन लावला. आमचे तिघांचे नंबर एकमेकांकडं होते, आबांचाच नव्हता. फोनवर बोलायला जमत नाही, लिहूनच बोलू, असं ते म्हणायचे. सर आधी हसले. मग म्हणाले, "एक सांगायचं राहिलं हो तुम्हाला. मीच त्यांना शिकवलं होतं. लेख आधी लिहून ठेवायचा, पुढची तारीख घालायची, त्या दिवशी तो आपोआप लागतो. सुगीत लिहायला सवड मिळत नाही म्हणत होते. संक्रांतीच्या आधी डझनभर लेख एकदम भरून ठेवले त्यांनी." या हुरड्याच्या लेखाला तारीख घालताना त्यांचा महिना चुकला असणार. आणि ती चूक झाली नसती तर आम्हाला पत्ताही लागला नसता की संक्रांतीपासून त्या ब्लॉगवर कुणीच नाही.

"पण ते तुमच्याकडं हजेरी लावत नव्हते, ते तुमच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

सर चाचरले. "मला वाटलं, मी त्यांच्या विहिरीच्या लेखात शास्त्रीय चूक काढली म्हणून रागावले."

ताईंना फोन केला. त्यांना वाटलं होतं, मेंढरांवरची कविता आबांना आवडली नाही. म्हणजे तिघांनाही वाटत होतं की आबा फक्त आपल्यावरच रागावलेत. तिघंही तोंड मिटून बसलो होतो. त्यातल्या त्यात ती दोघं निदान हजेरी तरी लावत होती. मी तेही केलं नव्हतं.

ईमेल पाठवले, उत्तर नाही. शेवटी ठरलं, शोधायला जायचं. जवळ होते ते फक्त त्यांचे लेख. गावात निळ्या रंगाची पिठाची गिरणी आहे. पाण्याच्या टाकीवर चढलं की कमळाभवानीच्या देवळाचं शिखर दिसतं. करमाळ्याला सायकलवर पाऊण तास. सरांनी एवढ्यावर नकाशात वर्तुळ आखलं.

रविवारी सकाळी सोलापूर स्टँडवर मी ताईंना पहिल्यांदा पाहिलं. दवबिंदूवाल्या ताई चांगल्या उंच्यापुऱ्या, खणखणीत आवाजाच्या निघाल्या. एका हातात कडक भाकरीची चवड, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि त्यावर घरच्यांना कानडीतून अशा सूचना चालल्या होत्या की कंडक्टरसुद्धा सरळ बसला. मला बघून म्हणाल्या, "अक्का, लई बारीक हाय की वो तुमी! लेखावरनं जाड वाटत होता." टेंभुर्णीला सर गाडी घेऊन उभे होते. तीन उद्गारचिन्हांचे सर प्रत्यक्षात असे हळू बोलायचे की दर वाक्याला "काय?" म्हणावं लागे. बस काय, गाडी काय, सगळा प्रवास मला माझ्या दुपारसारखाच वाटत होता. बाहेर ऊस, मग उजाड रान, मग बाभळी, आणि सगळ्यावर ते पांढुरकं ऊन. माझ्या झोपेत फिरणारी माणसं आता शेजारी बसून भाकरी मोडत होती. मी मात्र वाटभर एकच वाक्य मनात घोकत होते: आबा, माझं चुकलं. ते ऐकायला आबा असू देत, एवढंच मागत होते.

दोन गावांतल्या गिरण्या हिरव्या निघाल्या. तिसऱ्या गावात निळी सापडली. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला. सर हळू आवाजात म्हणाले, "इथं एक लेखक राहतात." तो म्हणाला, "लेखक? न्हाय बा. आमच्यात तसलं कोन न्हाय." ताईंनी शेळ्या, विहीर, सगळं मोठ्यानं सांगितलं. मग तो म्हणाला, "आं, त्यो म्हातारा व्हय! लिंबाखाली मोबाईलवर बोटं आपटत बसायचा, त्यो?"

बसायचा, म्हणाला. पुढचं विचारायची माझी छाती होईना. ताईंचाही आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता न्हाय बसत?"

"कसा बसंल? पौषात अंगावरनं वारं गेलं की. घरात पडून अस्तोय. त्ये समोरचं पत्र्याचं घर."

जिवंत आहेत. मी गिरणीच्या ओट्यावरच बसून रडले. सरांनी पाण्याची बाटली पुढं केली.

दारात मावशी, म्हणजे आबांच्या मंडळी, उभ्या होत्या. आम्ही कोण ते सांगितलं तशी त्यांनी कपाळाला हात लावला. "मोबाईलातली मानसं तुमी? या की, आत या." मग उंबऱ्याशीच थांबवून त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. उजवा हात गेलाय. बोलणं अडखळत येतं. वाचायला येतं, पण लिहायला गेलं की अक्षरं जुळत नाहीत. "सुनंनं इचारलं, कळवू का तुमच्या लोकास्नी? तर हात हलवून नगं म्हनले. लेख चाललं हायेत तवर चालू द्या, आसं त्येंच्या मनात."

"मग आमचं लिहिलेलं वाचतात का ते?" मी विचारलं.

"सून दावती की दर मंगळवारी, त्येंच्या लेखाखालचं. कोन कोन आलं त्ये डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा टेकवून मोजत्यात. ह्ये येक आलं, ह्ये दुसरं आलं. तिसरं बोट धरून तसंच बसत्यात, सोडतच न्हाईत. सोलापूरची बाई येईना म्हून लई घोर लावून घेतलाय. आजारी आसंल, न्हायतर काय झालं आसंल. जावई सोलापूरला गेला व्हता, त्येलाबी इचारून ये म्हनले. आता एवढ्या गावात त्यो कुनाला इचारनार?"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी फरशीवर पडून मी माझा रुसवा गोंजारत होते, आणि इथं हा माणूस एका बोटाला धरून माझी काळजी करत होता.

आत अंधारं, गार होतं. खाटेवर आबा. माझ्या मनातल्या आबांना मिशा होत्या, यांना नव्हत्या. आम्हाला बघून ते उठायला गेले, तेव्हा सरांनी पाठीमागं उशी लावली. मावशी एकेकाकडं बोट दाखवून सांगत गेल्या. अकलूज. अक्कलकोट. आणि ही सोलापूरची. मग त्या चहा टाकायला चुलीकडं गेल्या.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलत राहिले. मग एकेक शब्द बाहेर आला.

"बरी. हायस. न्हवं?"

वाटभर घोकलेलं वाक्य मला आठवेना. आजारी होते असं म्हणणं सोपं होतं, आणि क्षणभर ते ओठांवर आलंही. पण या माणसापुढं खोटं निघेना.

"मला काही झालं नव्हतं, आबा," मी म्हणाले. "मी तुमच्यावर रुसले होते."

आबा माझ्याकडं बघतच राहिले, आणि मग त्यांच्या तोंडाची चांगली असलेली बाजू हलली. आधी वाटलं, त्यांना काहीतरी व्हायला लागलंय. मग छाती हलायला लागली, खाट कुरकुरली, आणि घशातून एक खरखरीत आवाज आला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसायचे थांबत नव्हते. ताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, सरसुद्धा मोठ्यानं हसले. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, मी दोन्ही करत होते.

मावशी चुलीपुढून धावत आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं बघत तशाच उभ्या राहिल्या. मग खाटेवर टेकल्या, पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "पौषापासनं आज हसलं."