कोठीवरचं घराणं

तुकोजीरावांचे पणजोबा सरकारांच्या कोठीवर होते. म्हणजे तिथे ते डाळ-तांदूळ मोजून द्यायचे. पण धारच्या त्या घरात ‘कोठीवर होते’ एवढंच म्हणायची रीत होती. पुढचं कुणी विचारत नसे आणि तुकोजीरावही सांगत नसत.

पीथमपूरचा कारखाना बंद पडला तेव्हा तुकोजीराव अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर सव्वा वर्ष ते ‘बघतोय’ म्हणत बसले. बायको अल्पना शिवणाचं मशीन चालवायची आणि हे मिशांना पीळ द्यायचे. दोघांचीही कामं जोरात होती. शेवटी २००२च्या श्रावणात ती म्हणाली, “अहो, भूपेंद्र भियांच्या किराण्यात माणूस हवाय. मला आता टाका दिसत नाही. तुम्ही जाणार नसाल तर मी जाते.”

तेव्हा कुठे ते गेले. तेही दुपारी दोनला, दुकानात गिऱ्हाईक नसताना.

भियांनी, म्हणजे धारकडच्या बोलीत भैयांनी, त्यांना साखरेच्या पोत्यावर बसवलं. “तोलना आता है, राव साब?”

“आमचे पणजोबा कोठीवर होते,” तुकोजीराव म्हणाले आणि त्या दिवशी पुढचंही सांगून टाकलं. भिया खूश झाले. “फिर तो खानदानी काम है आपका.”

तेवढ्यात दारात चुलतभाऊ गोपाळराव उभे. दसऱ्याला राजवाड्यात दोघे मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकांना थोरवी ऐकवत. तुकोजीराव पोत्यावरून ताडकन उठले. “भिया, पाव किलो साबुदाणा द्या.”

गोपाळरावांनी खोबरं मागितलं. तुकोजीरावांनी गूळ घेतला. गोपाळरावांनी शेंगदाणे. हा माणूस काही हलेना. भिया मुकाट्याने तोलत राहिले, पण चौथ्या पुडीला कंटाळले. “तो राव साब, नौकरी पक्की? कल सुबे आठ बजे आ जाओ.”

तुकोजीरावांना अल्पनाचे लाल झालेले डोळे आठवले. आठवले, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण भाऊ समोर उभा होता.

“थट्टा करता काय भिया? आमच्यात कुणी कुणाची चाकरी केली नाही,” ते म्हणाले. कारखान्याच्या फाटकावर सोळा वर्षं लावलेली हजेरी ते सोयीस्कर विसरले.

गोपाळरावांनी खोबऱ्याची पुडी हळूच परत ठेवली. “दादा, तुम्हाला नकोच असेल तर...” मग भियांकडे वळून म्हणाले, “मैं भी उसी के लिए आया था. आठ बजे आऊँ?”

घरी अल्पनाने मशीनवरून मान वर केली. “काय झालं?”

“जागा भरली,” तुकोजीराव म्हणाले. “आपल्यातलाच एक माणूस घेतला.”

आपल्यातला कोण, ते तिने विचारलं नाही. सुई आणि दोरा तेवढा पुढे केला. “हे ओवून द्या. एवढं चालतं ना आपल्या घराण्यात?”