दहा मिनिटं पुढे

ऊर्जानगरात कंपनीची बस कोणासाठी थांबत नसे, म्हणून आमच्या क्वार्टरमधली सगळी घड्याळं मी दहा मिनिटं पुढे ठेवत असे. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचंही घड्याळ याच शिस्तीत बसवलं.

त्याच आठवड्यात मुलीला प्रवेशपत्र छापायचं होतं. परीक्षा दुसऱ्या दिवशी नागपूरला होती. पण साइट उघडली की पडद्यावर इशारा येई: या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. मी मोडेम बंद-चालू केला, वायरी बदलल्या आणि परीक्षावाल्यांच्या ढिसाळपणावर बोलायला उभा राहिलो.

"अहो, पोरीचा पेपर उद्या हाये, अन् तुम्ही भाषण काऊन देऊन राह्यले?" बायको म्हणाली.

मुलीनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. "बाबा, इथी तर पुढचं साल लागलं हाये. म्हणजे माझी परीक्षा होऊन गेली!"

मिनिटं सरकवताना मी चुकून वर्षही सरकवलं होतं, म्हणून कॉम्प्युटरला साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसत होती. तिनं ते मागे आणलं आणि प्रवेशपत्र मुकाट्यानं छापून निघालं.

सकाळी तिला बस मिळाली ती भिंतीवरच्या घड्याळामुळे, असं मी घरात सांगून पाहिलं. कोणी वर बघितलं नाही.