उसनी पाल

"तुमच्याकडे पाल आहे का हो?"

लोक शेजाऱ्याकडे विरजण मागतात, चार मिरच्या मागतात. विठ्ठलवाडीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या काकू दारात उभ्या राहून पाल मागायच्या. वर सांगायच्या, "डब्यात घालून द्या. वापरून लगेच परत आणते."

काकूंनी उभा जन्म पाळणाघर चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते बंद केलं आणि सापांची पिल्लं घेतली. कुठे पाया खणताना धामणीची अंडी सापडली, की वनखात्याचा माणूस ती काकूंकडे आणून ठेवायचा. पिल्लं बाहेर आली आणि एकदा जेवली, की तोच ती मलंगगडाच्या पायथ्याला सोडून यायचा. अडचण त्या पहिल्या जेवणाची. काही पिल्लं समोरच्या मेलेल्या उंदराच्या पिल्लाकडे ढुंकून बघत नाहीत. त्याला पालीचा वास लागला, तरच त्यांना ते जेवण वाटतं. म्हणून काकू तो घास पालीच्या अंगावरून फिरवायच्या, आणि मग पाल ज्याची त्याला परत.

"सरळ पालच का नाही घालत?" मी एकदा विचारलं.

"उसनी वस्तू कोणी संपवतं का, भाऊ?"

आमचा डबा परत आला तेव्हा त्यावर कागदात दोन बेसनाचे लाडू होते. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा काकूंचा नियम. आत पाल आहे म्हणजे डबा रिकामा कसा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "पाल तुमचीच. माझ्याकडून काय मग?"

आमच्या हिने झाकण किलकिलं करून पाहिलं. "ही आपली नाही. आपलीची शेपूट तुटकी होती."

काकू खजील झाल्या. आमची पाल चुकून वरच्या सावंतांकडे गेली होती. संध्याकाळी रीतसर अदलाबदल झाली. "चांगली होती हो," सावंत डबा देताना म्हणाले.

मग ते एक पिल्लू. भावंडं जेवून केव्हाच गेली आणि हे एकटं मागे राहिलं. बुटाच्या नाडीसारखं बारीक, रोज थोडं आणखी सुकणारं. बिल्डिंगमधली एकही पाल त्याला पसंत पडेना. वनखात्याचा माणूस म्हणाला, "काकू, हे नाय टिकणार. नाद सोडा."

काकूंना ते फार लागलं. त्यांच्या पाळणाघरातून एकही पोर कधी उपाशी घरी गेलं नव्हतं. चिमट्यात घास धरून काकू पिल्लाच्या बरणीसमोर बसून राहायच्या. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." त्या पिल्लाने अजून चिऊ पाहिली नव्हती. पाहिली असती, तर कदाचित आढेवेढे घेतले नसते.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "काकू, ताटासमोर असं कोणी डोळे लावून बसलं, तर माझ्यासुद्धा घशाखाली घास उतरत नाही."

काकू विचारात पडल्या. मग त्यांनी घास बरणीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. वनखात्याचा माणूस गणवेशात होता, तोही बसला. सावंत बसले. भर दुपारी आम्ही जबाबदार माणसं कॅलेंडरकडे बघत होतो, का तर एका सापाला संकोच वाटू नये. सावंतांना शिंक आली, ती त्यांनी गिळली.

फडकं काढलं तेव्हा घास नव्हता आणि पिल्लाच्या पोटात एक छोटीशी गाठ होती. काकूंनी पदराने डोळे पुसले. "जेवला गं बाई एकदाचा."

गेल्या वर्षी काकू अंथरुणाला खिळल्या आणि त्यांनी जेवण सोडलं. ठाण्याहून लेक आली. चमचा पुढे करून ती रडकुंडीला यायची, काकूंचे ओठ मिटलेलेच. ते बघवेना. मी घरून वाटीभर मऊ भात आणला, काकूंच्या हाताशी ठेवला, वर झाकण घातलं आणि लेकीला म्हटलं, "ताई, इकडे या. भिंतीकडे तोंड करा."

तिला मी वेडा वाटलो असेन, पण ती बसली. बऱ्याच वेळाने वाटीवर चमचा वाजला. लेक वळायला लागली, तशा काकू मागून म्हणाल्या, "थांबा. एवढ्यात नको."

त्यानंतर काकू फार दिवस राहिल्या नाहीत. सगळं उरकल्यावर लेक आमची वाटी परत द्यायला आली. वाटी घासून पुसून लख्ख केलेली होती, आणि रिकामी. लेक जिना उतरून गेली तरी वाटी हातात धरून आमची ही दारातच उभी होती.