चंद्रोदयाआधीचं पाणी

आईच्या पायांवरची सूज पाहून त्या संकष्टीला माझं मन देवावर रुसलं होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. लातूरहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईने, महाळुंग्याच्या कंपनीतली माझी नोकरी कायम व्हावी म्हणून संकष्टीचा निर्जळी उपास धरला. नोकरी कायम झाली, उपास मात्र सुटला नाही. तिला मधुमेह होताच, त्यात गुडघे दुखायचे. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी ती रोज घ्यायची, उपासाला तर कोरडीच गिळायची.

"आई, गोळी चालते आणि पाणी नाही?"

"गोळीला चव हाय का? मग उपास कसा मोडल रं?"

त्या संध्याकाळी घराजवळच्या, दिघीच्या गणपती मंदिरात आम्ही रांगेत होतो. मागे उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई आईचे पाय पाहून खाली बसल्या आणि त्यांनी आईच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"दुखण्याच्या गोळ्या घेता का, ताई?"

"रोज घेती की," आई अभिमानाने म्हणाली.

"मी डायलिसिस विभागात नर्स होते. गोळी आजच थांबवा. उद्या डॉक्टरांना दाखवा, किडनीची तपासणी करून घ्या."

तपासणीत किडनीचं काम बरंच मंदावलेलं निघालं. मूत्रपिंडातल्या बारीक चाळण्या दिवसरात्र रक्त गाळतात, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मधुमेहाने त्या आधीच थकल्या होत्या. गोळीने त्यांच्याकडे जाणारं रक्त कमी झालं आणि कोरड्या उपासाने उरलंसुरलं आटलं. न बोलता, न थांबता राबणाऱ्या त्या चाळण्यांपुढे माझे हात आपोआप जुळले. गोळी बंद झाली, मीठ आणि उपासाचे खारे वेफर्स सुटले, साखर आटोक्यात आली. हळूहळू सूज ओसरली. किडनी पूर्ण पूर्ववत झाली नाही, पण डायलिसिस टळलं. त्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांना कोणी पाठवलं, हे मी विचारत बसत नाही.

डॉक्टरांनी निर्जळी उपास कायमचा बंद सांगितला होता. तपासणीनंतरच्या पहिल्या संकष्टीला आई पेला घेऊन देवापुढे बसली, पण पाणी ओठांपर्यंत जाईना. माझ्यासाठी धरलेलं तिला सोडायचं होतं. धरून ठेवण्यापेक्षा देवावर सोपवणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा दिसलं.

"पोरासाठी धरलं होतं, देवा," ती हळूच म्हणाली. "आता त्याच्याचसाठी पिती."

चंद्र अजून उगवायचा होता. आईने पेला रिकामा केला.