अक्कांच्या समाचाराला

आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या माणसांना कामाला जुंपणारी बाई साऱ्या मल्लेश्वरममध्ये एकच होती, आणि ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. वयानं मोठे असलेले घरमालकही अक्काच म्हणायचे. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेलं, त्यामुळे मराठी बोलताना मधूनमधून कानडीचा घोट घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या, तेव्हा इथल्या पावट्याचा, म्हणजे अवरेकाळूचा, ऐन हंगाम होता. सुतकी चेहरा दारात दिसला की अक्का त्याच्यापुढे शेंगांची पाटी सरकवायच्या. "रडा की, कोण नको म्हणतंय? स्वल्प हात चालू ठेवून रडा!" अर्ध्या तासात रडं संपून कुणाच्या तरी सुनेचा विषय निघे. अक्कांच्या एका चुलतसासूबाईंना हा रोग शिवल्यानं लागतो असं वाटायचं. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. अक्कांनी बाहेर जाऊन त्यांना कडकडून मिठी मारली. "झालं, लागायचा तो लागला. आता बसा, सोला." दुसऱ्या दिवशी त्या बाई उप्पिटासाठी दाणे मागायला डबा घेऊन हजर!

ब्लाउजच्या आत, रिकाम्या झालेल्या बाजूला घालायला अक्कांनी मोहरीची पिशवी शिवली होती. कापूस हलका पडतो आणि तांदळात किडे होतात, असं त्यांचं संशोधन. एकदा भर बसमध्ये पिशवीची शिवण उसवली आणि मोहरी सगळीकडे सांडली. कंडक्टर बघतच राहिला. "बसची दृष्ट काढली, अण्णा," अक्का शांतपणे म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

वर्षभरानं तेच ऑपरेशन माझं झालं, आणि माझं हसूच गेलं. पुण्याला धाकट्या भावाचं लग्न होतं. मी येणार नाही, तब्येत बरी नाही, असं मी कळवून टाकलं. खरं म्हणजे ब्लाउजचं माप द्यायची मला लाज वाटत होती. अक्कांनी ते ओळखलं आणि मला ओढतच शिवणाच्या दुकानात नेलं. आत चार गिऱ्हाइकं असताना त्या म्हणाल्या, "दोघींचं माप घे गं. घाबरू नको, आमच्या दोघींत मिळून दोनच आहेत!" चारही गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. मग टेप हातात धरलेली शिवणारी बाई हसली, आणि कित्येक महिन्यांनी मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईतो. लग्नाला मी गेले, आणि चांगली मिरवले.

परतल्यावर काही दिवसांनी अक्का सकाळीच वर आल्या. भीती नावाची चीज या बाईला देवानं दिलीच नाही, असं मला वाटायचं. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तपासणीचा रिपोर्ट आणायचाय. तू येशील का गं? दर खेपेला एकटीच जाते, पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही बघ."

रिपोर्ट चांगला निघाला. परतताना रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या. ती माझी ऑपरेशनची बाजू होती. तिकडे नवऱ्याचा हातसुद्धा मला तोवर सोसत नसे. त्या दिवशी अक्कांचं डोकं सोसलं. आमची गल्ली आली, तेव्हा मी माझ्या मोडक्या कानडीत रिक्षावाल्याला म्हटलं, अण्णा, एवढ्यात थांबू नका, आणखी एक फेरी मारा.